वीणा खाली ठेवायची नसते

वाचकहो, हे पाक्षिक जसे तुमच्या घरी पंधरवड्यातून एकदा येते, तशीच एकादशीही येते. तुमच्यापैकी पुष्कळजण ती वर्षानुवर्षे पाळत असतील आणि त्यांतले बरेचजण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळीही नेमाने घेत असतील. या दोन नेमांची गाठ पडते तेव्हा काय होऊ शकते, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले गेले होते. तरीही ते खऱ्या अर्थाने मी शिकले वाटूरच्या एका शेतकऱ्याकडून, आणि तेही माझी चूक झाल्यावर.

वाटूर हे जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातले गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूरचा फाटा फुटतो, तिथे एसटीची वाट पाहणारी माणसे, चहाच्या टपऱ्या आणि खताची दुकाने यांच्या गर्दीत माझा दवाखाना आहे. मी साधी एमबीबीएस डॉक्टर. पंचवीसहून अधिक वर्षे याच परिसरातल्या माणसांना तपासते आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना सारे गाव ‘आबा’ म्हणत असे. त्यांचे नाव मी सांगत नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. मात्र त्यांच्याकडून जे घेतले, ते जसेच्या तसे तुमच्यापुढे ठेवते.

२०१५ सालच्या भाद्रपदातली एकादशी. दुपारचे दोन वाजले असतील. आबांचा थोरला मुलगा आणि शेजारचा एक तरुण त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घेऊन आले. कपाशीच्या वावरात निंदणी चालू होती. बायांना पाणी द्यायला म्हणून आबा उठले आणि असंबद्ध बोलू लागले. जीभ जड झाली, अंग घामाने निथळू लागले, धुऱ्यावरच ते खाली बसले. कुणी म्हणाले उन्ह लागले, कुणी म्हणाले लकवा झाला. एका म्हातारीने लिंबूही उतरवून टाकले होते.

मी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला ३८. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली गेली की धोका गंभीर मानतात. मेंदूला इंधन म्हणून मुख्यतः साखरच लागते. ती मिळेनाशी झाली की माणूस बरळतो, चिडतो, झोपाळतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. मी शिरेतून डेक्स्ट्रोज दिले. काही मिनिटांतच आबांनी डोळे उघडले, छताकडे पाहिले, हाताला लावलेल्या नळीकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला,

“बाई, एकादशी मोडली का हो?”

मुलगा रडता रडता हसला. मी काही बोलणार, तोच आबांनी स्वतःच निवाडा दिला, “नळीतून गेलं, तोंडातून नाही गेलं. मंग नाही मोडली.”

मला मात्र हसू आले नाही. सहा आठवड्यांपूर्वी त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल जरा वर गेलेला पाहून मीच ग्लिमेपिराइडची गोळी दुप्पट केली होती. “एक दिवसही चुकवायची नाही,” असे बजावलेही होते. आबांनी माझा शब्द पाळला होता आणि पांडुरंगाला दिलेला शब्दही पाळला होता. सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर पाण्याखेरीज तोंडात काही घातले नाही. नंतर मी विचारले, “आबा, तुम्ही एवढी कडक एकादशी करता, हे मला सांगितले का नाही?” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही कधी इचारलंच नाही, बाई.”

खरेच होते. सात वर्षे मी त्यांना तपासत होते. साखर विचारली, लघवी विचारली, झोप विचारली. पण त्यांचा दिवस कसा जातो, महिना कसा जातो, वर्ष कसे जाते, हे कधी विचारले नव्हते. या वर्गातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. माणूस जेवला आहे की उपाशी आहे, याची त्यांना फिकीर नसते. उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर त्यांचा परिणाम अधिक काळ रेंगाळतो. म्हणूनच शुद्धीवर आल्यानंतरही मी त्यांना त्याच संध्याकाळी जालन्याला पाठवले आणि चोवीस तास देखरेखीखाली ठेवायला सांगितले, कारण अशा गोळीने उतरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा घसरू शकते.

ते परत आल्यावर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. औषधाची चिठ्ठी न घेता, नुसती ऐकायला. आबा तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी त्यांचे आयुष्य मला सांगितले ते दुष्काळांच्या खुणांनी. १९७२ च्या दुष्काळात ते पंचविशीचे होते. नवे लग्न झालेले. नवरा-बायको दोघे सरकारी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी, यांवर घर तगले. “त्या भाकरीला चव नव्हती, पर तिनं जीव वाचवला. म्हणून अन्नाला नाव ठेवायचं नाही,” असे ते म्हणाले. त्या कामावरून जमवलेल्या पैशांत पुढे विहीर खोदली गेली. विहिरीवर मोसंबी आली. मोसंबीवर धाकट्या मुलाचे शिक्षण झाले आणि तो वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लागला. थोरला मुलगा शेतीत राहिला.

मग आले २०१२ आणि १३. त्या दुष्काळाने जालना जिल्ह्याची मोसंबी किती जाळली, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. विहिरींनी तळ गाठले, तीस-तीस वर्षांच्या जोपासलेल्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडे जगवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. आबांच्या विहिरीत थोडे पाणी होते. ते बागेला पुरवून घातले असते तर निम्मी झाडे तरी वाचली असती, असे त्यांचा मुलगा आजही म्हणतो. परंतु त्यांच्या आखाड्यापलीकडच्या वस्तीवर पिण्याला पाणी नव्हते. आबांनी मोटारीचा पाइप बागेतून काढला आणि वस्तीच्या टाकीत सोडला. बाग गेली. ज्या दिवशी झाडे तोडली त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत, एवढेच त्यांच्या पत्नीने मला सांगितले. आबा स्वतः त्यावर काही बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “झाड पुन्हा लावता येतं.”

आणि त्यांनी ते पुन्हा लावलेही.

गावच्या हरिनाम सप्ताहातला त्यांचा पहारा ठरलेला होता. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्ताह सुरू झाला की सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवत नाहीत. एकाने ती गळ्यात घेऊन उभे राहायचे, नाम घ्यायचे. त्याची वेळ संपली की दुसऱ्याने यायचे. देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहानमोठा पाहत नाहीत. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. आबांचा पहारा असे पहाटे दोन ते चार, म्हणजे जो कुणालाच नको असतो तो. चाळीस वर्षे त्यांनी तो सोडला नाही.

हे सारे ऐकल्यावर मला उमगले, की माझ्यापुढे केवळ मधुमेहाचा रुग्ण नव्हता. घर, देव आणि गाव या तीन ठिकाणी आयुष्य वाटून टाकलेला माणूस होता. औषधाला त्या तिघांमध्ये जागा करून घ्यायची होती. ‘उपवास सोडा, वावरात जाऊ नका, वारी बंद’ असे मी चिठ्ठीवर लिहिले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन जे करायचे तेच केले असते.

म्हणून आम्ही तह केला. मी ती गोळी बंद केली आणि मेटफॉर्मिन ठेवले, कारण एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक पातळीवर उतरण्याची शक्यता फारच कमी असते. तरुणाच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे लक्ष्य बहुधा ७ च्या आत ठेवतात. अनेक व्याधी असलेल्या, साखर एकाएकी उतरण्याचा धोका असलेल्या वृद्धाला ८ च्या आसपासही चालते, हे मी त्यांच्या मुलांना समजावले. त्यांच्या वयात थोडी चढलेली साखर हळूहळू त्रास देते, पण उतरलेली साखर त्याच दुपारी जीव घेऊ शकते. आबांनी आपल्या बाजूने निर्जळी आणि निराहार सोडला. एकादशीला दोन वेळा थोडे राजगिऱ्याचे किंवा भगरीचे, सोबत दही आणि मूठभर शेंगदाणे घ्यायचे ठरले. साबुदाण्याच्या खिचडीची परात मात्र मीच अडवली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने साखर एकदम चढते. उपवास असूनही अनेक घरांत त्या दिवशी साखर वाढलेली दिसते ती यामुळेच.

हा आबांचा तह होता, तो तुमच्यासाठी जसाच्या तसा लागू होईल असे मात्र समजू नका. गोळी कोणती, मूत्रपिंड कसे, इन्सुलिन चालू आहे का, यांवर प्रत्येकाचे गणित बदलते. स्वतःहून गोळी थांबवणेही धोक्याचेच. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारा, एवढेच सांगेन.

पुढच्या वर्षी दुसरी अडचण आली. आबांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली होती. त्यांना बाभळीचा काटा रुतलेला कळला नाही, तो दोन दिवस तसाच राहिला आणि पायात पू झाला. सुदैवाने जखम भरली. मधुमेही माणसाचे पाय रोज पाहायला हवेत. तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळे. वाकून स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याने पाहावे. अनवाणी चालू नये, चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा, गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी दुसऱ्याने पाणी तपासावे. हे सगळे आबांनी ऐकून घेतले. पण पाय कोण पाहणार? पत्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मुलगा वावरात. उरली थोरली सून.

“सुनेनं माझे तळवे पाहायचे?” आबा एकदम गप्प झाले. त्यांचा संकोच मला समजत होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाइप फिरवला, रात्रीचा पहारा उचलला, त्याला स्वतःचा पाय दुसऱ्याच्या हाती देणे जड जात होते. वाचकहो, तुमच्या घरातही असा कुणी असेल. ‘मला काही होत नाही,’ ‘माझं मी करतो,’ असे म्हणणारा. आपण त्याला हट्टी म्हणतो. पण देण्याची सवय लागलेल्या हाताला घेण्याची सवय सहजी लागत नाही.

तोड काढली ती आबांनीच. आठ दिवसांनी सून मला सांगत होती. रात्री ती बॅटरी घेऊन त्यांच्या बाजेशी बसली, तेव्हा आबा आधी उठून उभे राहिले. हात जोडून ते तिच्या पायांशी वाकले. ती घाबरून मागे सरली. तेव्हा ते म्हणाले, “वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतोच की. वीणा घेताना पडतोच. तसंच समज.” मग बाजेवर बसून त्यांनी पाय पुढे केले. पुढे रोज रात्री हेच होत राहिले. आधी आबांचा नमस्कार, मग सुनेचा, मग बॅटरीचा उजेड तळव्यांवर. त्या नमस्कारात त्यांचा मान राहिला आणि तिचाही राहिला. त्यानंतर आबांच्या पायाला पुन्हा मोठी जखम झाली नाही.

२०१९ च्या अखेरीस आबांचे हृदय थकू लागले. चालताना धाप, रात्री उशी उंच करून झोपणे, संध्याकाळी पायांवर सूज. शरीरातले जास्तीचे पाणी काढणारी गोळी सुरू झाली. ठेचा, पापड आणि लोणचे कमी झाले. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून भिंतीवरच्या पाटीवर लिहायचे, दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर लगेच मला कळवायचे, असा नेम लागला. ती गोळी संध्याकाळी घेतल्यामुळे रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. मी ती सकाळी घ्यायला सांगितली. उठताना आधी बाजेच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, मग उभे राहायचे आणि दिवा लावूनच निघायचे, हेही ठरले. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड बहुधा अशाच वेळी, न्हाणीच्या वाटेवर मोडते.

या सगळ्यात माझ्याकडून दुसरी चूक झाली. मी आबांकडे पाहत होते, सुनेकडे पाहिलेच नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ती डोके दुखते म्हणून गोळी मागायला आली. मी सहज रक्तदाब घेतला, तो १६४ आणि १०२ निघाला. विचारल्यावर कळले, की कित्येक महिने तिची सलग झोप झालेली नव्हती. सासऱ्यांचे पाय, सासूच्या डोळ्यांतले थेंब, स्वयंपाक, कपाशी, मुलाची शाळा. “कुणाला सांगू बाई? आबा तर देवमाणूस आहेत,” ती म्हणाली. माणूस देवासारखा असला तरी त्याला रात्री उठवून न्यावे लागतेच, आणि नेणाऱ्याला झोप लागतेच. हे बोलायला तिला लाज वाटत होती.

मी आबांना एकट्यांना गाठले आणि सरळ सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग नातवाला हाक मारून त्यांनी वही मागवली आणि सप्ताहाचे पहारे लावतात तसे घराचे पहारे लावले. रात्री दहा ते दोन थोरला मुलगा, दोन ते पाच नातू. पहाटेपासून दुपारपर्यंत सून, दुपारी भावकीतला एक पुतण्या दोन तास येऊन बसणार. वाळूजचा मुलगा दूर, त्याच्याकडे औषधे आणणे, अहवाल सांभाळणे, रोज संध्याकाळी फोन करणे आणि महिन्यातून एक पूर्ण रविवार. पत्नीकडे संध्याकाळचा हरिपाठ. वहीच्या तळाशी त्यांनी लिहायला लावले, की ज्याचा पहारा नाही त्याने झोपावे. “वीणा खाली ठेवायची नसते,” ते मला म्हणाले, “पर एकाच गळ्यात सात दिवस ठेवायची, असं कुठं सांगितलंय?”

सेवा करणाऱ्यांनो, हे वाक्य मी तेव्हापासून किती घरांत सांगितले असेल, याची गणती नाही. तुमच्या घरात वीणा कुणाच्या गळ्यात आहे ते पाहा. किती दिवसांपासून आहे तेही पाहा. ती बहुधा एखाद्या सुनेच्या, मुलीच्या किंवा स्वतःच वृद्ध झालेल्या पत्नीच्या गळ्यात असते, आणि पहारा बदलायला कुणी येत नाही. जो दूर आहे त्यालाही काम द्या. पैसे पाठवले की पहारा संपतो असे नाही. आणि सेवा करणाऱ्याने वर्षातून एकदा तरी स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. आबांच्या सुनेचा रक्तदाब गोळीने आणि झोपेने तीन महिन्यांत ताब्यात आला. यांत गोळीचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे मला सांगता येणार नाही.

त्याच वर्षी वारीचा प्रश्न उभा राहिला. आबा गावच्या दिंडीबरोबर आषाढीला पायी जात. आता त्यांच्या हृदयाला ते झेपणार नव्हते. हे त्यांना कसे सांगावे, या विवंचनेत मी असतानाच करोनाची साथ आली आणि २०२० मध्ये पायी वारीच झाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही तेच. आबा म्हणाले, “माझ्यासाठी देवानं अख्खी वारीच घरी बसवली.” पण २०२२ मध्ये वाटा मोकळ्या झाल्या, दिंडी पुन्हा निघाली आणि आबांना मागे राहावे लागले. त्या आठवड्यात ते जेवले कमी, बोलले त्याहून कमी. वजनाच्या पाटीवर आकडा लिहिणेही त्यांनी सोडले. वृद्ध माणूस औषध टाळू लागतो तेव्हा नेहमीच ते विसरणे नसते, कधी कधी तो शोक असतो. त्याला रागावून उपयोग नसतो.

मी त्यांच्याशेजारी बसले. मला कीर्तन येत नाही, उपदेश करण्याचा अधिकारही नाही. मी फक्त विचारले, “आबा, सावता महाराज वारीला जायचे का हो?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

सावता माळी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. माढा तालुक्यातले हे गाव पंढरपूरहून फार लांब नाही. तेराव्या शतकातला हा शेतकरी संत आपला मळा सोडून देवाकडे गेला नाही. भाजीच्या वाफ्यातच त्याला विठ्ठल दिसला आणि देवच त्याला भेटायला मळ्यात आला, असे वारकरी परंपरा सांगते. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्याने अरणलाच देह ठेवला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांसाठी मात्र पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. हे आबांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते. त्यांनीच ते मला तासभर सांगितले. बोलता बोलता त्यांनी दुपारची गोळी मागून घेतली.

दिंडी निघाली त्या सकाळी गावकऱ्यांनी वाट थोडी वाकडी केली. आबांच्या अंगणात टाळ वाजले, वीणेकरी ओट्याशी आला. त्याने वीणा आबांच्या गळ्यात घातली. पाच मिनिटे ते भिंतीला टेकून उभे राहिले. नंतर वीणा परत देताना ते वाकू लागले तेव्हा नातवाने त्यांना मागून धरले होते.

त्यानंतर दोन महिने आबा होते. शेवटच्या आठवड्यात मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात न्यायचे की नाही, हा प्रश्न आला. पण त्याचे उत्तर आबांनी वसंतातच, पूर्ण शुद्धीत, दोन्ही मुलांना समोर बसवून आणि माझ्या देखत दिले होते. आपले घर, आपले अंगण. दम लागू नये आणि दुखू नये एवढे पाहा. असे आधी बोलून ठेवलेले असल्यामुळे त्या घरात शेवटच्या रात्री भांडण झाले नाही. धाप कमी करण्यासाठी जे करता येते ते मी केले, बाकी पहारे चालू राहिले. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी विचारले, “पहारा कुणाचा?” नातू म्हणाला, “माझा, आबा.” त्यांनी त्याचा हात धरून ठेवला. उजाडताना ते गेले. नातवाने आईला उठवले ते पाच वाजता. तिचा पहारा सुरू होण्याच्या वेळीच.

वाचकहो, आबांनी मला जे दिले ते फार मोठे तत्त्वज्ञान नाही. माझ्या दवाखान्यातल्या तपासणीच्या कागदावर आता तीन ओळी वाढल्या आहेत. उपवास कोणते करता? घरात तुमचे कोण पाहते? त्यांचे कोण पाहते? टेबलासमोर दिनदर्शिका आहे, तिच्यावरच्या एकादश्यांना मी महिन्याच्या सुरुवातीलाच खूण करते आणि दोन दिवस आधी येणाऱ्या मधुमेही रुग्णाला गोळीविषयी विचारते.

तुम्हीही एक करा. तुमच्या औषधाच्या डबीवर गोळीचे नाव वाचा आणि ती उपाशीपोटी साखर उतरवणारी आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. त्यांनी नाही विचारले तर तुम्ही सांगा. आमच्यापैकी पुष्कळांना विचारायचे सुचत नाही. घरातल्या सर्वांना हे माहीत असू द्या, की मधुमेही माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, तो बरळू किंवा चिडू लागला, तर आधी साखर कमी झाल्याची शंका घ्यावी. यंत्र जवळ असेल तर तपासावे. नसेल आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. तो शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. साखर वर येऊनही बोलणे जड राहिले, तोंड वाकडे दिसले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर तो लकवा समजून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

त्या वेळी एकादशी मोडली, अशी खंत करू नये. आबा असते तर त्यांनी त्याचाही निवाडा दिला असता.